हंजगीकर डॉक्टरांचा हलका हात

हंजगीकर डॉक्टरांविषयी चांगलं बोला म्हणालात तर मी दिवेलागणीपर्यंत बोलेन. त्यांच्याविषयी माझ्याइतकं चांगलं बोलणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता. चहाच्या दुकानात कुणी त्यांना ‘सशांचा डॉक्टर’ म्हणून हिणवलं की मी कपबशी खाली ठेवून भांडायला उठायचो. आता उठत नाही. आता कुणी काही म्हणालं तर मी गुमान चहा पितो.

माझा छापखाना साखर पेठेत, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी. पुढं छापखाना, मागं बिऱ्हाड. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, कुस्त्यांची पत्रकं, जे येईल ते छापायचं आणि दिवस ढकलायचे. सन एकोणीसशे तीस-पस्तीसच्या दरम्यानची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, एक उंच काटकुळे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. बंद गळ्याचा कोट, धोतर, काळी टोपी. ऊन मी म्हणत होतं आणि यांची छत्री काखेत मिटलेली. म्हणाले, “नमस्कार. आधी हात धुवायला पाणी द्या. मग काम सांगतो.”

पाणी दिलं. कोपरापर्यंत हात धुतले, एकेक बोट रुमालानं वेगळं पुसलं आणि मग खिशातून कागद काढला. मी म्हटलं, “अहो, कागदाला हात लावण्यासाठी सोवळं करणारा माणूस आजच पाहिला.” तर म्हणतात, “कागदासाठी नाही, पंत. तुमच्या दाराच्या कडीसाठी. दिवसभरात किती जण हात लावतात तिला?” त्या संध्याकाळी मी चिंच लावून दाराची कडी घासली. बायको म्हणाली, “आज काय होतंय तुम्हांला?” काय सांगणार कपाळ! हा माणूस पाच मिनिटं येऊन जायचा आणि मागं तुम्ही कडी घासत बसायचात.

पत्रक होतं पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या लशीचं. मी धंद्याच्या सवयीनं वर टायपाच्या ठळक खिळ्यांत जुळवून टाकलं, ‘पटकीवर खात्रीचा इलाज’. दुसऱ्या दिवशी कच्ची प्रत बघायला आले आणि ‘खात्रीचा’वर बोट ठेवलं.

“हा शब्द काढा.”

“अहो, त्याशिवाय चिटपाखरू यायचं नाही.”

“खात्री असती तर मी इथं कशाला आलो असतो? मला ती करून घ्यायचीय.”

काढला. खाली ‘सर्वांस लस मोफत टोचण्यात येईल’ एवढं राहिलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात या माणसाच्या पायाच पडलो म्हणा ना. आमच्याकडं केस उगवण्याचं तेल विकणारा टकला माणूससुद्धा ‘खात्रीचा’ शब्द दोनदा घालून घेतो. छापलेला शब्द खरा नाही म्हणून काढायला लावणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं, पुढंही भेटलं नाही.

डॉक्टर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, कागदावर इंग्रजी. मुंबईत लस तयार करणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढून ते इकडं परतले होते. तिथं म्हणे बाटल्या भरायच्या आणि पाठवायच्या, कुणी काही विचारायचं नाही. यांना विचारायचं होतं. लस टोचली की रक्तात नेमकं काय होतं, किती दिवस टिकतं आणि पटकी आलीच तर माणूस खरोखर वाचतो का, एवढाच यांचा ध्यास. घराच्या मागच्या खोलीत रॉकेलच्या दिव्यावर ऊब दिलेली एक पेटी, काचेच्या नळ्या, आणि ससे. सशांना त्यांनी गावातल्या वकिलांची आणि रावसाहेबांची नावं ठेवली होती. “आज रावसाहेबांच्या कानातून रक्त काढलं, फार दंगा केला हो त्यांनी,” असं ते रस्त्यात उभे राहून मोठ्यानं सांगायचे आणि येणारे-जाणारे थबकून बघत राहायचे.

त्यांचा दर दुसरा शब्द ‘पुरावा?’ उठता-बसता पुरावा. मी म्हटलं, आंबा गोड आहे, की “पुरावा?” बायको म्हणाली, यंदा ऊन जास्त आहे, की “पुरावा?” एकदा त्यांच्या पत्नी वैतागून म्हणाल्या, “आमचं लग्न झालंय याचा तरी पुरावा आहे का म्हणावं यांच्याकडं!” डॉक्टर गंभीरपणे विचारात पडले. खरोखर पडले. आम्ही पोट धरून हसलो आणि मग तेही हसले, पण आमच्यानंतर.

मोठमोठे शब्द त्यांना आवडत नसत. रक्तात रोगाविरुद्ध काय तयार होतं ते त्यांनी मला एकदा असं सांगितलं: “रक्ताला ओळख करून द्यायची, पंत. मेलेला जंतू दाखवायचा. हा बघ, असा असतो. मग जिवंत आला की रक्त त्याला उंबऱ्यातच धरतं.” हेच त्यांनी गल्लीतल्या मल्लय्याला सांगितलं आणि मल्लय्यानं ते तेलुगूत साऱ्या गल्लीला सांगितलं. मल्लय्या विणकर, पन्नाशीच्या आतला, चार घरांत शब्दाला वजन असलेला. त्यानं त्यात आपला मीठमसाला घालून जंतूला चोर केलं, रक्ताला पहारेकरी केलं आणि चोराला चावडीवर नेऊन बडवलंसुद्धा. बाया खदाखदा हसल्या. डॉक्टरांना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, पण ते हसू बघून खूष झाले. “हा माणूस माझ्यापेक्षा चांगला शिकवतो,” म्हणाले.

सुईला गल्ली घाबरायची. सरकारी टोचणारे आले की दारं लागायची, माणसं गच्चीवरून पलीकडं उतरायची. ती गल्ली हंजगीकरांसाठी बाहेर आली ती मल्लय्यामुळं. मार्कंडेयाच्या देवळापुढं लिंबाखाली दोन टेबलं मांडली. एकावर डॉक्टर, दुसऱ्यावर त्यांचा कंपाउंडर अब्बास. शिस्त अशी, की रांगेतला एक डॉक्टरांकडं, पुढचा अब्बासकडं. पहिला मान मल्लय्याचा. तो डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला, तर डॉक्टर म्हणाले, “मल्लय्या, तू तिकडं जा, अब्बासकडं.” मल्लय्याचं तोंड एवढंसं झालं, पण गेला. मीही अब्बासच्या वाट्याला आलो.

दुसऱ्या दिवशी माझा दंड टरारून सुजला. अंगात कणकण. खिळे जुळवायला हात वर होईना. मल्लय्याचीही तीच तऱ्हा. दोन दिवस त्याचा माग बंद, धोटा फेकायला हात उचलेल तर ना! पण गंमत अशी, की ज्यांना डॉक्टरांनी टोचलं होतं ती माणसं टुणटुणीत. दंड दुखला नाही की अंग तापलं नाही. झालं! सकाळी नळावर बायांच्या तोंडी तेच, दुपारी पानाच्या दुकानात तेच, की डॉक्टरांचा हात हलका, देवमाणसाचा हात आहे, आणि हा अब्बास म्हणजे नुसता कसाई. अब्बास बिचारा हसून म्हणायचा, “हौ जी, मेराच हाथ भारी है.”

डॉक्टर सकाळी घरोघर फिरून दंड बघायचे. बोटानं दाबून विचारायचे, “दुखतोय?” होय म्हटलं की “छान”. नाही म्हटलं की “बरं”. एवढंच बोलायचे आणि पुढं जायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो. कुणाला ठेच लागली की दुसरा म्हणायचा, “दुखतोय? छान.”

दुसऱ्या दिवसापासून रांगेत ढकलाढकली सुरू झाली. हातावर पोट असलेली माणसं ती, दंड दोन दिवस लुळा पडून कसं भागायचं? आणि नुसतं दुखण्याचंच नव्हतं. डॉक्टरांच्या हातानं टोचून घेण्यात त्यांना मान वाटायचा, माया वाटायची. डॉक्टर ओरडायचे, “एक इकडं, एक तिकडं!” लोक मान डोलवायचे आणि हळूच जागा बदलून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी मल्लय्या बायकोला घेऊन आला. नरसव्वा तिचं नाव. दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरायची ती. तिनं भरलेल्या कांड्यांवर मल्लय्याचा माग चालायचा, मागावर घर चालायचं. पदरात तीन लेकरं. तिची पाळी नेमकी अब्बासकडं आली. मल्लय्या पुढं झाला, डॉक्टरांपुढं हात जोडले.

“दाक्तर, एवडं ऐका. हिला तुमच्या हातानं टोचा. हिचा हात ऱ्हायला तर आमचं समदं ऱ्हातंय बगा.”

मी शेजारीच उभा होतो, पत्रकं वाटत. डॉक्टर थांबले. हातातली सुई तशीच धरून त्यांनी एकदा अब्बासच्या टेबलाकडं बघितलं, एकदा नरसव्वाकडं. मला वाटलं, शिस्तीचा माणूस आहे, आता खेकसणार. पण नाही. हळू आवाजात म्हणाले, “ये बाई.” आणि टोचलं.

मी भारावून गेलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, “बघ, नियम मोडला त्यांनी, गरिबाच्या शब्दासाठी! याला म्हणतात माणुसकी.” ‘माणुसकी’ हाच शब्द मी वापरला होता. आठवलं की अजून जीभ भाजल्यासारखी होते.

काही दिवसांनी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. माझ्या बोटातून रक्त काढलं होतं, त्यातलं वरचं स्वच्छ पाणी काचेच्या बारीक नळीत घेऊन त्यात जंतू सोडलेले. नळी खिडकीपुढं धरून म्हणाले, “बघा पंत, हे तुमचं रक्त.” गढूळ पाण्यात कण कण गोळा होऊन खाली बसले होते, दूध नासल्यावर बसतात तसे. “धरलंय! तुमच्या रक्तानं धरलंय त्यांना!” लहान पोरासारखे हसत होते. मलाही उगीच अभिमान वाटला, जसं काही मीच काही केलंय. शेजारी दुसरी नळी होती, गढूळच्या गढूळ. मी विचारलं, “हे कुणाचं?” ते म्हणाले, “असंच एकाचं,” आणि नळी उचलून मागं ठेवली.

मग पटकी आली. दरवर्षी यायची तशीच आली, पण आमच्या गल्लीवर जरा जास्तच रेंगाळली. विहिरीचं पाणी, कुठलं पाणी, कोण जाणे. आणि खरं ते सांगायला पाहिजे. त्या दिवसांत हंजगीकर डॉक्टर माणूस राहिलेच नव्हते. अंगावरचा कोट बदलला नाही, धड जेवले नाहीत. घरोघर पाणी उकळायला लावलं, आटलेल्या माणसांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं, घाणीचे कपडे स्वतः जाळले. कित्येकांना त्यांनी ओढून परत आणलं. हे मी नाकारलं तर माझी जीभ झडेल.

नरसव्वाला मात्र नाही आणता आलं. सकाळी लागलं, दुपारी डोळे खोल गेले, आवाज बसला. डॉक्टर तिच्या उशाशी बसले ते उठलेच नाहीत. दिवस मावळताना ती गेली. डॉक्टरांनी हात धुतले नाहीत. मी पहिल्यांदा बघितलं, की या माणसानं रोग्याला हात लावला आणि नंतर धुतला नाही. उंबऱ्यावर बसून ते रडत होते, आणि मल्लय्या, ज्याची बायको आत पडली होती तो मल्लय्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.

“तुमी काय करनार, दाक्तर. उलट तुमच्या हातानं टोचलं म्हनून दिसभर तरी ऱ्हायली. पोरांशी दोन शब्द बोलून गेली की.”

डॉक्टरांनी मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मग ते उठले आणि तडक चालू लागले.

पावसाळा संपल्यावर गल्लीनं डॉक्टरांचा सत्कार करायचं ठरवलं. पुढाकार मल्लय्याचा. म्हणाला, ज्या माणसानं आपल्यासाठी हाडाची काडं केली त्याला रिकाम्या हातानं कसं सोडायचं? जरीकाठी उपरणं त्यानं स्वतःच्या मागावर विणलं. पुण्याहून एक मोठे डॉक्टर अध्यक्ष म्हणून यायचे होते, त्यांच्यापुढं हंजगीकर आपला प्रयोग वाचून दाखवणार होते. निमंत्रणं मी छापली, फुकट. फक्त एका गोष्टीला हट्टाला पेटलो. म्हटलं, भाषण मराठीत पाहिजे. ज्यांच्या दंडात सुया खुपसल्या त्यांना कळायला नको?

“मराठीत शब्द नाहीत, पंत.”

“शब्द मी देतो. खिळ्यांच्या पेट्या भरून आहेत माझ्याकडं.”

ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “बरं. कळू दे त्यांनाही.” नंतर मला पुष्कळांनी सांगितलं, की त्यांनी इंग्रजीतच ठेवायला हवं होतं. कुणी ताडलं नसतं. खरं आहे. पण लपवायचं त्यांच्या मनातच नव्हतं हो! आपण काही लपवण्याजोगं केलंय असंच त्यांना वाटत नव्हतं. याचाच मला जास्त संताप येतो. चोर असता तर चोर म्हणून सोडून दिला असता.

देवळाशेजारच्या सभागृहात पुढच्या रांगेत विणकर, बाजूला बाया, मागं गावातली शिकलेली मंडळी. बायांना मराठी पुरतं कळत नाही, म्हणून मल्लय्या व्यासपीठाच्या पायरीवर उभा. डॉक्टर एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे, मल्लय्या ते तेलुगूत सांगायचा. पटकीचे जंतू कसे वाढवले, कढत पाण्यात कसे मारले, लस कशी झाली. मल्लय्या रंगात आला होता, बाया हसत होत्या, टाळ्या पडत होत्या.

मग डॉक्टर म्हणाले, “लशीचा गुण पडताळायचा तर न टोचलेली माणसंही तितकीच पाहिजेत. म्हणून निम्म्या लोकांना लस न देता नुसतं मिठाचं पाणी टोचण्यात आलं.”

आणि मल्लय्यासाठी थांबले.

मल्लय्या बोलेना. बायांमधून कुजबूज सुरू झाली, “एमन्नाडु? एमन्नाडु?” काय म्हणाला, काय म्हणाला? मल्लय्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. डॉक्टरांना वाटलं, त्याला वाक्य कळलं नाही. त्यांनी ते आणखी सोपं करून सांगितलं. “म्हणजे मल्लय्या, अब्बासकडं लस होती आणि माझ्याकडं पाणी. लस मीच तयार केलेली. ती मीच दिली असती तर धडधाकट माणसं बघून दिली असती. मनाला मोह होतो. म्हणून पाणी माझ्या हातात ठेवलं. सांग त्यांना.”

“तुमच्या हातात पानी हुतं?” मल्लय्यानं विचारलं. मराठीत विचारलं.

“हो. मिठाचं.”

“नरसव्वाला पानीच टोचलं?”

डॉक्टर म्हणाले, “हो.”

मल्लय्या बायांकडं वळला. इतका वेळ एकेका वाक्याची दहा वाक्यं करणारा तो माणूस, त्यानं एकच शब्द सांगितला. “नीळ्ळु.” पाणी.

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. कुणी दगड मारला असता तरी चाललं असतं. पण एक म्हातारी उठली, तिच्यामागून दुसरी उठली, आणि सारी गल्ली मुकाट्यानं बाहेर निघून गेली. त्यांच्यापैकी ज्यांनी म्हणून डॉक्टरांवर जास्त जीव टाकला होता, ढकलाढकली करून त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले होते, पाणी त्यांच्याच अंगात गेलं होतं. विश्वास थोडा कमी असता तर वाचले असते. डॉक्टरांनी उरलेलं भाषण रिकाम्या खुर्च्यांपुढं पुरं केलं. ज्यांनी पाणी घेतलं त्यांचे उपकार विज्ञान विसरणार नाही, असंही एक वाक्य त्यात होतं. अध्यक्षांनी पद्धतशीर कामाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. उपरणं तिथंच टेबलावर घडीचं तसं पडून राहिलं.

माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. ‘खात्रीचा’ हा शब्द खोटा म्हणून ज्यानं काढायला लावला, त्यानं ‘सर्वांस लस’ हे दोन शब्द माझ्या छापखान्यातून तसेच जाऊ दिले. माझ्या शाईनं! माझ्या हातानं मी ती पत्रकं दारोदार वाटली होती.

बाहेर अब्बास भिंतीला टेकून बसला होता. “पंतजी,” म्हणाला, “मेरेकू बोले थे, एक हलकी दवा है, एक भारी. पानी नै बोले जी. सारी गल्ली की गालियां खाया मैं. भारी हाथ, भारी हाथ. दवा तो मेरेच हाथ में थी.” आणि तो तोंड झाकून रडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्याकडं आले. हात न धुता आत आले. म्हणाले, “पंत, गैरसमज झालाय. चला, मी मल्लय्याला समजावून सांगतो.” मी गेलो, पण त्यांच्यासाठी नाही. मला बघायचं होतं, आता हा माणूस काय समजावतो.

मल्लय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. थोरली मुलगी रहाटावर कांड्या भरत होती, आईच्या जागी. डॉक्टर उभ्यानंच बोलू लागले. सगळ्यांना लस दिली असती आणि पटकी कमी झाली असती, तर लशीनं झाली की आपोआप, हे कसं कळणार? आता कळलं. आता गावोगाव, लाखो माणसं वाचतील. आणि खरं सांगतो, त्यात खोटं काही नव्हतं. सगळं बरोबर होतं. त्यामुळंच माझं डोकं फिरलं. मी मध्येच म्हणालो, “मल्लय्यानं तिच्यासाठी हात जोडले तेव्हा तुम्ही थांबला होता, डॉक्टर. मी बघितलंय. ‘जा अब्बासकडं’ एवढे दोन शब्द का नाही निघाले तोंडातून?”

ते म्हणाले, “एकीला पाठवलं असतं तर सगळ्यांना पाठवावं लागलं असतं. मग प्रयोग कशाचा राहिला, पंत?” पहिल्या दिवशी मल्लय्याला त्यांनी स्वतःच तिकडं पाठवलं होतं, हे मला नंतर आठवलं.

मल्लय्यानं हातातला धोटा खाली ठेवला. “कळलं मला समदं,” म्हणाला. “येवडं बी अडानी न्हाय मी. एकच इचारतो. मला का न्हाय इचारलं?”

“विचारलं असतं तर पाणी कुणी घेतलं असतं, मल्लय्या?”

“मी घेतलं असतं.”

डॉक्टरांनी काखेतली छत्री मागाला टेकवली.

“तुमी म्हनला असता, मल्लय्या, ह्या सुईत नुसतं पानी हाय, जीवाला धोका हाय, पर मला बगायचं हाय, तर मी हात म्होरं केला असता. देवाशपत केला असता. आन् तिला अब्बासभाईकडं धाडली असती. तुमी नुसतं इचारायचं हुतं की.”

ज्या माणसानं आयुष्यभर जगाला पुरावा मागितला, त्याला हे एक वाक्य पडताळून बघायचं सुचलं नव्हतं. गल्लीतलं माणूस विचारल्यावर हो म्हणेल की नाही, हे त्यांनी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. ते छत्री उचलून बाहेर पडले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. त्यानंतर त्यांचं माझं बोलणं झालं नाही. त्यांच्या पत्नी एकदा येऊन म्हणाल्या, “ते तुमची फार आठवण काढतात हो.” मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. मला तो माणूस फार आवडायचा. त्याचाच राग आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची कुणकूण लागली आणि डॉक्टर पुन्हा आले. तेव्हा त्यांना शेवटचं बघितलं. त्याच पावसाळ्यानंतर त्यांनी सोलापूर सोडलं, कुठं मोठ्या जागेवर गेले म्हणतात. त्या सकाळी लिंबाखाली त्यांनी पुन्हा दोन टेबलं मांडली. या खेपेला दोन्हींवर लस होती. ते स्वतः टेबलापुढं येऊन मोठ्यानं तसं सांगत होते, “दोन्हीकडं औषधच आहे! दोन्हीकडं!” मला वाटलं, दारं लागणार. काळं कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. पण मल्लय्या आला, आणि त्याच्यामागून गल्ली आली. औषध गुणाचं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं होतं? त्यांनी त्याचं मोल दिलं होतं.

रांग लागली ती अब्बासपुढं. देवळाला वळसा घालून विहिरीपर्यंत गेली. डॉक्टरांच्या टेबलापुढं एकही माणूस नव्हता. बाही सावरून, सुई भरून ते उभे होते. अब्बासची बाटली संपली तेव्हा तो खाली मान घालून आला, डॉक्टरांच्या टेबलावरची भरलेली बाटली घेऊन गेला आणि त्याच बाटलीतून पुढच्या माणसाला टोचू लागला. ऊन चढत होतं. लहान लेकरं रडायला लागली होती.

मल्लय्या रांगेच्या मध्यावर होता, धाकटीला कडेवर घेऊन. तिच्या डोक्यावर त्यानं धोतराचा सोगा धरला होता. डॉक्टर टेबल सोडून दोन पावलं पुढं आले.

“मल्लय्या, पोरीला ऊन लागतंय. आण तिला इकडं. मी पटकन टोचतो.”

मल्लय्यानं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आवाजात राग नव्हता की काही नव्हतं. तोवर तो त्यांना दाक्तरच म्हणायचा.

“नगं, साहेब,” तो म्हणाला. “थांबतो आमी.”